रुखमाबाईच्या घरचं रक्त

नातीच्या, खुशीच्या मानेवर चौथ्यांदा गाठ उठली, तेव्हा विमलताईंनी मनातल्या मनात निकाल लावून टाकला. दोष सुनेच्या रक्तात, म्हणजे सुनेच्या आईच्या, त्या रुखमाबाईच्या. पुष्पा विमलताईंच्या सख्ख्या भावाची लेक, त्यांनीच हट्टानं आपल्या प्रफुलसाठी करून आणलेली. भावाच्या रक्तात कसली आली खोट? मग उरली कोण, तर ती भावजय. तिच्याशी त्यांचं तीस वर्षं पटलं नव्हतं.

तेव्हापासून त्यांचा पुष्पावर डोळा. पोरीला गोळ्या खरंच देते की मोरीत टाकते? माहेरचा फोन आला की अंगणात जाऊन हळू काहून बोलते? एकदा तर त्यांनी खुशीच्या ताटलीतला वरणभात आधी स्वतः चाखून पाहिला. चांगला होता. पण संशय जायचं नाव घेईना. बाई भलतीच सावध आहे, एवढंच त्यांना वाटलं.

यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी आईबाप आणि लेकीचं रक्त मुंबईला पाठवलं. त्यांनी समजावलं, की रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूला गिळतात आणि पेशीच्या आवरणातलं एक एन्झाइम त्याला मारायचं विष तयार करतं. खुशीच्या पेशी गिळतात, पण ते एन्झाइमच चालत नाही, म्हणून जंतू आत जिवंत राहतो. विमलताईंनी मान डोलावली. गिळून गप्प बसायचं, हे तर रुखमाबाईच्या घरचंच वळण! घराण्यात कोणी लहानपणी असं गेलं का, असं बाईंनी विचारलं, तर यांनी भावजयीच्या माहेरची दोन लेकरं मोजून दाखवली. त्यातलं एक विहिरीत पडून गेलं होतं, ते मात्र सांगितलं नाही.

घरी आल्यावर प्रफुलला बजावलं, की रिपोर्ट आला की पुष्पाला कळंबला माहेरी पोचवून ये, कायमची. दुसरं लेकरूही असंच निपजलं म्हणजे? प्रफुल खाली मान घालून बसला. या पोरानं कधी तोंड उघडलं तर शपथ.

रिपोर्ट आला त्या दिवशी चौघंही दवाखान्यात होती. बाई म्हणाल्या, बिघाड दोघांकडून आला आहे, अर्धा आईकडून, अर्धा बापाकडून, आणि दोघांतली चूक अगदी एकच आहे. "तुम्ही नात्यातले ना? मग ही चूक दोघांच्या सामाईक घराण्यातून आली असणार."

सामाईक घराणं एकच होतं, पुष्पाच्या बापाचं. रुखमाबाईचा यात कुठं संबंधच नव्हता.

पुष्पानं आवाज चढवला नाही. "आत्या, तुमी मले माहेरी धाडून राह्यल्या होत्या ना," ती म्हणाली. "थे घर कोनाचं हाय?"

विमलताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी पदरानं तोंड पुसलं. मग सुनेकडे न बघता डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, "लिहून घ्या, बाई. माहा पाठचा भाऊ तीन वर्साचा होता. अशाच गाठी येऊन गेला. तुमी इचारलं तवा मी सांगतलं नाई."