वीस जणांची सोय

ओतिलियाबाईंचं पत्र तीन वर्षं माझ्या शब्दकोशात पडून होतं. वामांग्याच्या बसचा ड्रायव्हर ते हातात देऊन गेला होता. मागणी साधी होती: माझ्या मुलीचं नाव कळवा. मी आयुष्यभर मुलांना शुद्धलेखन घातलं, अख्ख्या गावाचे अर्ज लिहिले, पण त्या पत्राला उत्तर लिहायला बसलो की हात थांबायचा.

का ते सांगायचं तर त्या प्रवासापासून सांगावं लागेल. मला नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे.

आमचं इचुपाता डोंगरावर आहे. वाईट दिवसांत आमच्यातली बरीच माणसं नेली गेली. लष्कराने नेली की बंडखोरांनी, यावर गावात दोन मतं आहेत आणि दोन्ही खरी आहेत. तीसेक वर्षांनी एका खड्ड्यातून हाडं निघाली. तपासणी होऊन नऊ जणांची ओळख पटली. वामांग्याला येऊन आपापली माणसं ताब्यात घ्या, असा निरोप आला. घरची मंडळी निघाली. सोबत मी, कारण स्पॅनिश बोलायला कुणीतरी हवं होतं. त्या नऊ जणांत माझं कुणी नव्हतं.

सकाळी चर्चमध्ये विधी, दुसऱ्या दिवशी परतायला ट्रक. मधली रात्र शहरात काढायची होती. मी दुकानातल्या फोनवरून स्वस्तातलं एक वसतिगृह शोधलं. शाळांच्या सहली उतरतात तसलं, एकावर एक खाटा असलेलं.

“किती जण?” पलीकडून विचारलं. मी मागे वळून बायकांना विचारलं.

“वीस,” सातुर्निना म्हणाली. ती आमच्यात सगळ्यांत वडील.

मी वीस सांगितले. गट मोठा म्हणून सवलतही मिळाली. आम्ही जाणार होतो अकरा जण, पण तो आकडा ऐकून दुकानात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

चर्चमधून पेट्या मिळाल्या त्या पांढऱ्या, आखूड, लहान मुलाच्या असाव्यात तशा. नुसत्या हाडांना जागा किती लागणार? हाडांची तपासणी करणाऱ्या कचेरीतला माणूस भला होता. म्हणाला, सकाळपर्यंत आमच्या कोठीत ठेवा.

“कोठीतच होते की इतके महिने,” बासिलिया म्हणाली आणि नवऱ्याची पेटी तिने पाठीवर शालीत बांधली, पोर बांधावं तशी.

वसतिगृहाच्या काउंटरवर एक तरुण होता. त्याने आम्हाला मोजलं.

“काका, तुम्ही अकराच दिसताय. बाकीचे नऊ मागून येतायत का?”

सातुर्निनाला स्पॅनिश येत नाही, आकडे मात्र कळतात. तिने लेकाची पेटी काउंटरवर ठेवली आणि तिच्यावर हाताने थोपटलं. “हे काय, आलेत सगळे.”

मी भाषांतर केलं नाही. गरजच पडली नाही. त्या मुलाचा चेहराच उतरला.

“काका, राग मानू नका. वर परदेशी पाहुणे आहेत. तुम्ही झोपा हवं तर, पण हे... हे बाहेर कुठेतरी...”

“काय म्हणतोय?” बासिलियाने विचारलं.

“पेट्या बाहेर ठेवा म्हणतोय.”

“मग त्याला म्हणावं, तूच नीज बाहेर.”

आम्ही बाहेर पडलो. मग दारोदार विचारणं आलं आणि ते काम माझ्याकडे. दुकानात सुट्टे पैसे परत मागायलाही ज्याची जीभ रेटत नाही, त्याने अनोळखी दारं ठोठावायची! एका ठिकाणी बाईने पेट्या पाहून छातीवर क्रूसाची खूण केली आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या ठिकाणी दुप्पट भाडं सांगितलं. तिसऱ्या ठिकाणी मी इतका पुटपुटलो की त्यांना वाटलं आम्ही काही विकायला आलोय. ऊन उतरलं, गारठा पडायला लागला. सातुर्निना कमानीखाली टेकली आणि पेटीला म्हणाली, “थोडं थांब रे बाळा. मास्तर बघतायत.” ते ऐकून मला तिथून पळून जावंसं वाटलं.

बाजारामागे भाजीवाले उतरतात ती ओतिलियाबाईंची खाणावळ. वर झोपायची सोय. बाई दारात बटाटे सोलत बसल्या होत्या. त्यांना ऐकू कमी येतं हे मला ठाऊक नव्हतं. पहिल्यांदा बोललो ते त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही. दुसऱ्यांदा मी जवळजवळ ओरडलो:

“बाई, आम्ही अकरा जिवंत आहोत आणि नऊ मेलेले!”

रस्त्यावरचे लोक वळून बघायला लागले. बाईंनी सुरी खाली ठेवली. प्रत्येक पेटीकडे बघितलं.

“मेलेल्यांचं भाडं मी घेत नाही,” त्या म्हणाल्या. “पण घोरतात का? वर कोबीवाले झोपतात.”

मी ते आमच्या भाषेत सांगितलं. बासिलिया म्हणाली, “माझा घोरायचा. आता सुधारला असेल.”

आणि त्या दिवसात पहिल्यांदा बायका हसल्या.

बाईंनी मागची लांब खोली दिली. बारा खाटा होत्या. बायकांनी आपसात काही ठरवलं नाही, पण प्रत्येकीने आपली पेटी खाटेवर ठेवली, वर घोंगडं पांघरलं आणि स्वतः खाली जमिनीवर बसली. “याला स्प्रिंगची गादी कधी मिळाली नव्हती,” सातुर्निना म्हणाली. मेणबत्त्या लागल्या. चघळायला कोकाची पानं फिरली, उकडलेला मका आला, उसाची दारू आली. बासिलिया नवऱ्याच्या उशाशी बसून म्हणाली, “बघा की, नवरा चोवीसचा अन् बायको साठीची. लोक म्हणतील, म्हातारीने कुणाचा तरी पोरगा पळवलाय.” मग ती रडायला लागली ती थांबेचना.

मी दारापाशी उभा होतो. ओतिलियाबाई आल्या.

“मास्तर, तुमची पेटी कुठली?”

“माझं यांच्यात कुणी नाही.”

“यांच्यात नसेल. पण आहे ना कुणी?”

“मुलगी. ती अजून सापडली नाही.”

 त्यांनी खिडकीजवळच्या खाटेवर धुतलेली चादर घातली, उशी झटकली, घोंगड्याचं टोक दुमडलं आणि निघून गेल्या. त्या खाटेवर कुणी झोपलं नाही. मी शेजारी खुर्चीत बसून राहिलो.

नंतर ते पत्र आलं. त्यात लिहिलं होतं: माझ्याकडे राहून गेलेल्या तुमच्या नऊ जणांसाठी मी दरवर्षी मृतांच्या दिवशी पावाच्या बाहुल्या भाजते आणि पेट्यांवर वाचलेलं नाव घेऊन एकेक टेबलावर मांडते. तुमच्या मुलीचीही मांडते. पण नावावाचून मांडलेलं तिला कसं कळणार? नाव कळवा.

मी तिचं नाव कितीतरी अर्जांवर लिहिलं आहे. प्रत्येक वेळी पुढे ‘बेपत्ता’ लिहिलं. बेपत्ता माणूस केव्हाही दारात उभा राहू शकतो. मृतांच्या टेबलावर ज्याचं नाव घेतलं, तो नाही. म्हणून उत्तर लिहिलं नाही. तीन वर्षं त्या टेबलावर एक बाहुली बिननावाची राहिली.

गेल्या आठवड्यात वरच्या पाड्याची माणसं माझ्याकडे आली. त्यांचेही काही जण ओळखले गेलेत, त्यांनाही वामांग्याला जायचंय. “मास्तर, उतरायची सोय बघा. तुमची ती बहिरी बाई घेईल म्हणतात.”

नावांची यादी मी दोनदा वाचली. त्यातही ती नव्हती.

बाईंना फोनवर ऐकू येत नाही, त्यांना लिहावंच लागतं. आणि जिच्या पत्राला तीन वर्षं उत्तर नाही, तिच्याकडे नुसत्या खाटा कशा मागायच्या? टेबलाशी बसलो. बरेच कागद फाडले. शेवटी एवढंच राहिलं:

“ओतिलियाबाई, या वेळी सात जिवंत आणि चार मृत. जिवंतांमध्ये मी आहे. खाटा ठेवाव्यात. खिडकीजवळची मोकळी असू द्यावी. माझ्या मुलीचं नाव नेलिदा. तिला बडीशेप घातलेला पाव आवडायचा. उशीर झाला, माफ करा. सोसिमो.”

‘आवडायचा’ हा शब्द मी बराच वेळ बघत बसलो. खोडला नाही.

सकाळी बस आली. ड्रायव्हर म्हणाला, “काय मास्तर, लग्नाची पत्रिका का?”

“नाही,” मी म्हणालो, “खोलीची सोय आहे,” आणि पाकीट त्याच्या हातात दिलं.