शेवटचा नंबर

घाटकोपरच्या त्या महिला मंडळात सुगंधाचं काम पापड तपासण्याचं. सकाळी बारा जणी आदल्या दिवशी लाटून वाळवलेले पापड आणून द्यायच्या आणि आज लाटायचं भिजवलेलं पीठ डब्यात घेऊन घरी जायच्या. त्या वर्षी, म्हणजे चौऱ्याऐंशीत, मार्गशीर्षापासून पापडांच्या कडा फार तडकू लागल्या, आणि सगळ्यांत जास्त तडकलेले निघत ते द्रौपदीमावशीचे.

मावशी साठीची. गोवंडीहून यायची, त्यामुळे नेहमी शेवटची. घरात मिळवतं दुसरं कोणी नव्हतं.

मंडळ चालवणाऱ्या विमलाताई म्हणाल्या, "म्हातारीचा हात गेला. पुढच्या शनिवारपासून तिला नको म्हणून सांग."

सुगंधाला ते पटेना. तिने आधी सगळ्यांना विचारून पाहिलं. अकरा जणी म्हणाल्या, आमचे तडकत नाहीत. बारावी मावशी. ती म्हणाली, माझेही नाहीत. मग सुगंधाने आठ दिवस प्रत्येकीचे शंभर-शंभर पापड मोजले. उशिरा येणाऱ्यांचे जास्त तडकत होते, मावशीचे त्याहून थोडे जास्त. म्हणजे विमलाताईंचंच खरं झालं.

तिचा दीर दशरथ एका औषधांच्या कारखान्यात आकडेमोडीच्या खात्यात कारकून होता. जेवताना तिने वही त्याच्यापुढे सरकवली.

"वहिनी, विचारलं की माणूस बरं दिसेल तेच सांगणार," तो म्हणाला. "ते सोडा."

"आणि मोजलं ते?"

"ते नुसतं बघणं झालं. तुमची मावशी म्हातारी आहे आणि शेवटीही येते. शेवटी म्हणजे तळाचं, सुकलेलं पीठ. आता दोष हाताचा की पिठाचा? नुसतं बघून जन्मात कळायचं नाही. रांग तुम्ही लावा. तुम्हीसुद्धा नको, चिठ्ठीने लागू दे. आमच्याकडे नवी गोळी कोणाला द्यायची तेही असंच ठरवतात."

चिठ्ठ्या बायकांना नव्या नव्हत्या. भिशीचा पत्र्याचा डबा फळीवर होताच. सुगंधाने विमलाताईंकडून एक आठवडा मागून घेतला, सगळ्यांना वेळेवर यायला सांगितलं आणि सोमवारी बारा आकडे डब्यात टाकले. मावशीला अकरा आला, शकूला दोन. शकूने मुकाट्याने मावशीशी चिठ्ठी बदलून घेतली. भिशीत नडलेलीला आपला नंबर द्यायची रीतच होती. सुगंधाला बरं वाटलं.

"झकास," दशरथ त्या रात्री म्हणाला. "दिवस फुकट गेला. दया करून नंबर दिलात, तर चिठ्ठी काढलीत कशाला? ताई म्हणतील, तुम्हीच म्हातारीला सांभाळून घेतलंत. तुमच्या मायेनेच तिचं काम जायचं."

मंगळवारी मावशीला बारा आला. शकूने पुन्हा हात पुढे केला.

"शकू, आपल्या नंबरावर उभी राहा," सुगंधा म्हणाली.

"अगं, म्हातारी आहे ती. भिशीत चालतं ना?"

"ही भिशी नाही."

मावशी पिठाच्या पोत्यावर टेकली. "राहू दे गं शकू. बाईला माझा निकाल लावायचाय."

सुगंधाने अकरा जणींना पीठ दिलं आणि मग घमेल्याचा तळ खरवडून मावशीचा डबा भरला. पीठ बोटाला टणक लागत होतं. मावशीने तिच्याकडे न बघता डबा उचलला.

शनिवारपर्यंत हेच चाललं. शकूलाही एकदा शेवटचा नंबर आला आणि तिचे शंभरात चौदा तडकले. सुरुवातीच्या नंबराला तिचे दोनच तडकले होते. मावशीचे मंगळवारच्या पिठाचे सोळा निघाले. नंतर दोनदा तिला सुरुवातीचे नंबर मिळाले, तेव्हा चार आणि पाच.

विमलाताईंनी वहीवरून बोट फिरवलं. "सुरुवातीच्या नंबरांत सगळ्यांचे दोन-तीन. हिचे चार-पाच. म्हणजे हात गेलाच की."

मावशीच्या चार-पाचची ती ओळ गाळावी असं आदल्या दिवशी सुगंधाच्या मनात येऊन गेलं होतं. पण ती गाळली असती, तर मंगळवारी म्हाताऱ्या बाईला पोत्यावर बसवून ठेवण्याला काही अर्थच उरला नसता.

"थोडा गेलाय, ताई. पण शंभरात हाताचे दोन जास्त आहेत आणि तळाच्या पिठाचे बारा. मावशीला काढलं तर तळाचं पीठ दुसरी कोणी नेईल. तिचेही तडकतील."

विमलाताईंनी शकूच्या चौदावर बोट ठेवलं. "म्हणजे तळाचं सुकू नये म्हणून पीठ दोनदा भिजवायचं. आणि पहाटे उठायचं कोणी? मीच ना?" त्या कुरकुरल्या. मग वही मिटून म्हणाल्या, "राहू दे तिला."

मावशी बाहेर ओट्यावर बसली होती. सुगंधाने तिला सगळं सांगितलं.

"माझ्या हाताचे दोन जास्त निघाले, ते लिहिलंस?"

"लिहिलं, मावशी."

"बरं केलंस." मावशीने पदराने डबा पुसला. "मला वाटलं होतं, पाच-सहा तरी जास्त असतील."