हवेच्या डब्याची साक्ष

मी एक जुना हवेचा डबा आहे. डबा म्हटल्यावर आत खायला काय आहे म्हणून डोकावू नका, मित्रांनो. माझ्या पोटात घड्या घातलेला जाड कागद असतो. गाडीच्या इंजिनाला लागणारी सगळी हवा त्यातून गाळून पुढे पाठवायची, हेच माझे जन्मभराचे काम. काळे प्लास्टिक, चौकोनी अंग, चार खटके. रूपाच्या नावाने आनंदच आहे.

कारखान्यात मला साच्यातून काढले तेव्हा एका माणसाने माझे तोंड किती उंचीवर येते ते पट्टीने मोजून पाहिले होते. ते बॉनेटच्या लगेच खाली, दिव्यांच्याही वर येते. हवा वरून आत येते, पाणी खालीच राहते. यासाठी कुणीतरी पुष्कळ डोके खाजवले असणार, पण गाडीच्या जाहिरातीत असल्या गोष्टी कोण लिहितो?

मी ज्या गाडीत बसलो ती ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या एका बाईंची होती. सगळे त्यांना मास्तरीणबाई म्हणत. अकरा वर्षे मी शिकाऊ लोकांचे हाल सोसले. काही जण क्लच असा सोडत की माझे खटके खिळखिळे होत. गाडी बंद पडली की शिकणाऱ्याचे तोंड एवढेसे होई. म्हणून बाईंनी सगळ्यांकडून एक सवय घोटून घेतली होती. बंद पडली तर घाबरायचे नाही, क्लच दाबायचा आणि लगेच चावी फिरवायची.

दुसरा नियम पाण्याचा होता. रेल्वेच्या पुलाखाली पाणी साचले की रस्त्याकडेच्या दगडावरचा पिवळा पट्टा पाहायचा. तो दिसतो आहे तोवर पहिल्या गिअरमध्ये सावकाश पुढे जायचे. हा नियम कधी चुकला नाही, कारण माझे तोंड उंचावर होते. पण हे कारण बाईंनाही ठाऊक नव्हते आणि मला कोण विचारणार?

बाईंचा धाकटा भाऊ गाड्यांचा भारी शौकीन. ताईच्या गाडीत दम नाही, असे त्याच्या मनाने घेतले. एके दिवशी त्याने एक चकचकीत पाइप आणला. त्याच्या टोकाला लाल रंगाची निमुळती गाळणी होती आणि ती खाली बंपरच्या मागे, चाकाशेजारी बसली. तिथे म्हणे थंड हवा मिळते. मला काढून त्याने डिकीत, स्टेपनीशेजारी टाकले. गाडी विकताना लागेल, म्हणाला. गाडी जोरात घुरघुरू लागली. बाईंना तो आवाज रुचला नव्हता, पण भावाने हौसेने केलेले, म्हणून त्या गप्प बसल्या. मला राग आला का? खोटे कशाला बोलू, मी दमलो होतो. पडून राहायला मिळाले, बरेच वाटले.

त्या सुमारास एक शिंपीणकाकू शिकायला येत. पन्नाशी उलटलेली. शिवलेले गणवेश व्हॅनमधून दुकानांत पोचवण्याचे काम त्यांचे यजमान करत. त्यांची नजर अधू झाली आणि व्हॅन दारातच उभी राहिली. काकूंना गाडी आली नाही तर ते काम हातचे जाणार होते. परीक्षेत त्या दोनदा नापास झाल्या होत्या. तुला जमायचे नाही, असे दिराने चारचौघांत ऐकवले होते. तिसऱ्या परीक्षेला चार दिवस उरले होते.

त्या सकाळी पाऊस तिसऱ्या दिवशीही थांबायचे नाव घेत नव्हता. पुलाखाली पाणी होते. बाईंनी पट्टा पाहिला, तो दिसत होता. त्यांनी काकूंना पुढे जायला सांगितले. काकूंनी गाडी इतकी संथ नेली की डिकीत मी जागचा हललो नाही. पण पाण्याचा आवाज माझ्या अगदी खाली आला. पुढे ती लाल गाळणी बुडाली. इंजिनाने पाण्याचा घोट घेतला आणि गाडी बंद पडली. काकू घाबरल्या नाहीत. त्यांनी क्लच दाबला आणि लगेच चावी फिरवली. बाईंनी थांबवायला हात पुढे करेपर्यंत आत काहीतरी कडकन वाकले होते.

मेकॅनिकने इंजिन उघडले. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही, म्हणून आतला दांडा वाकला, असे त्याने समजावले. मग म्हणाला, "चालवणारीचा काही दोष नाही. हा पाइप इथं कुणी बसवला?" भाऊ शेजारीच उभा होता. त्याची मान वर होईना.

दुसऱ्या दिवशी तो मला काखेत मारून बाईंबरोबर काकूंच्या घरी गेला. काकू मशीनवर बसल्या होत्या. "काकू, हा डबा मी काढला. गाडी मी घालवली," तो म्हणाला. काकूंनी मशीन थांबवले नाही.

"मन राखायला बोलताय तुम्ही. चावी मीच फिरवली ना?"

"मी शिकवलं तेच केलंत तुम्ही," बाई म्हणाल्या.

"तेच तर. दुसऱ्या कुणी फिरवली असती तर गाडी चालू झाली असती."

काकूंनी मला हातात घेतले, एका चिंधीने माझ्यावरची धूळ पुसली आणि भावाला परत दिले. त्या परीक्षेला गेल्या नाहीत. व्हॅन विकली गेली.

आता मी पुन्हा माझ्या जागी आहे. गाडीत दुसरे इंजिन आहे. बाई पहिल्याच दिवशी बॉनेट उघडून माझे तोंड दाखवतात, आणि पाण्यात गाडी बंद पडली तर चावीला हात लावू नका, असे बजावतात. मित्रांनो, एखादी कुरूप वस्तू काढून टाकण्याआधी ती तिथे का ठेवली होती, एवढे विचारत जा.

आणि मशीनवर वाकलेली एखादी काकू "मला मेलीला काही जमत नाही" असे म्हणाली, तर तिला माझा निरोप द्या. त्या सकाळी तिच्या हातून काहीही चुकले नव्हते. ती विश्वास ठेवणार नाही. तरी सांगा.