जिन्यावरून पडले

*वैद्याच्या दारी बाई, लाज ठेव उंबऱ्यात*
*लपवलं दुखणं गं, मूळ धरी काळजात*

जात्यावरचा आईचा हा आवाज शेवंतीला आठवला तो भाईंदरच्या खासगी दवाखान्याच्या काचेच्या दारात. लहानपणी रत्नागिरीकडे, अर्धवट झोपेत ऐकलेला.

दुपारी बाजारात एका टेम्पोनं मागे येताना तिच्या नवऱ्याला, धर्माजीला, भिंतीशी दाबलं होतं. कपाळ फुटलं, पाय मुरगळला. पोटावर मात्र ओरखडाही नव्हता. शेजारच्या गुणवंतभाऊंनी रिक्षा थांबवली आणि वाटेतच पढवलं, "वहिनी, ॲक्सिडेंट बोलायचं नाय हां. पोलीस केस म्हटली की प्रायव्हेटवाले हातपण लावत नाहीत. जिन्यावरून पडले, बस. आपल्या बिल्डिंगचा जिना बघितला तर कोर्टपण मानेल."

दवाखाना गार होता. खाट लगेच मिळाली. कपाळाला सुबक टाके पडले, पायाचा एक्स-रे झाला. पोटाचं कुणी विचारलं नाही. संध्याकाळी धर्माजी घामानं भिजला, पांढराफटक पडला, तेव्हा तिथले डॉक्टर म्हणाले, "इथे सोय नाही, मुंबईला सरकारीत न्या."

सरकारी रुग्णालयात खाट नव्हती. स्ट्रेचर फरशीवरच टेकवलं. दाराशी बाकावर हवालदार चहा पीत बसला होता. त्याला बघून शेवंतीनं पदर तोंडाशी नेला.

तरुण डॉक्टरीण गुडघ्यावर बसली. धर्माजीच्या पोटावर हात ठेवून तिनं विचारलं, "कसं लागलं?"

"जिन्यावरून पडले," गुणवंतभाऊ म्हणाले.

"काका, तुम्ही पडलात का? मग गप्प बसा. मावशी, पोट लाकडासारखं लागतंय. जिन्यानं असं होत नाही सहसा. नक्की काय झालं?"

शेवंतीची नजर बाकाकडे गेली. "पोलीस केस असली तर बाहेर काढाल?"

"इथे निम्म्या पोलीस केसच असतात. तो हवालदार त्यासाठीच बसलाय. आणि बाहेर काढून ठेवू कुठे? व्हरांडापण भरलाय. बोला लवकर."

"वहिनी, सेमच सांगा," गुणवंतभाऊ कुजबुजले.

धर्माजीचे ओठ सुकले होते. दारातून आणखी एक स्ट्रेचर आत आलं, कुणी त्याला अडवलं नाही. त्या दाराला उंबराच नव्हता.

शेवंतीनं पदर खाली केला.

"टेम्पोनं दाबलं," ती म्हणाली. "भिंतीशी. पोटावरच. दुपारपासून खोटं सांगतोय आम्ही."