देवी काढल्याची खूण

"बाह्या वर करा," तृप्ती मॅडम म्हणाल्या, तशी बारावीच्या वर्गात खसखस पिकली. जवळजवळ प्रत्येकाच्या डाव्या दंडावर टोचल्याची बारकी खूण निघाली.

"ही क्षयाच्या लशीची. आजीच्या दंडावर याहून मोठी सापडेल, देवी काढल्याची." मॅडमनी फळ्यावर लिहिलं: लस आली, देवी गेली.

भिवा शिपाई खडूची पेटी ठेवायला आला होता. त्याच्या तोंडभर देवीचे व्रण. पोरं माघारी त्याला 'चाळणी' म्हणत. अंबडच्या या कॉलेजात त्याची चौतीस वर्षं फळे पुसण्यात गेली, आणि पुसताना वाचण्यात. सोमवारी तो निवृत्त होणार होता.

"मामा, तुमची खूण दाखवा की," मागून रामप्रसाद म्हणाला. वर्ग हसला.

मॅडमचा चेहरा उतरला. "भिवामामा, तुम्ही जा."

भिवा दारापर्यंत गेला. थबकला. आता गेलो, तर हाही फळा नुसताच पुसायचा. तो परतला. सदऱ्याची बाही त्यानं खांद्यापर्यंत गुंडाळली. दंड कोरा होता.

"सुई आल्ती, मॅडम. बराबर आल्ती. पारावर सारं गाव टोचून झालं. माय आम्हा दोघा भावंडांना घेऊन खाली उन्हात उभी. टोचणारा म्हनला, तुमच्या वस्तीत उद्या येतो. दुसऱ्या दिवशी माय वाटंकडं बघत बसली. तो काही आला न्हाई. मंग देवीच आली, न बोलवता. दाराला कडुलिंबाचा डहाळा, चुलीवर फोडणी बंद. मी राह्यलो. पाठची बेबी नवव्या दिवशी गेली."

कोणी हसलं नाही. मॅडमनी 'लस आली'पुढचा स्वल्पविराम बोटानं पुसला. मग 'देवी गेली' पुसून ते फळ्याच्या पार दुसऱ्या टोकाला लिहिलं.

"मामा, दोन्हींच्या मधे एवढी जागा पुरे?"

"एवढी कशाला? पारापासून वस्ती हाकेवर तर हुती."

रामप्रसाद उठून पुढं आला. त्याची मान खाली होती. "मामा, बहिणीचं नाव पुरं सांगा."

"बेबीनंदा."

त्यानं ते मधल्या जागेत लिहिलं.

घंटा झाली. पुढचा तास गणिताचा. फळा कोरा हवा. भिवानं डस्टर उचललं आणि रोजच्यासारखा, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सारा फळा स्वच्छ पुसला. पुसून झालं की खिडकीबाहेर भिंतीवर दोनदा आपटून डस्टर झटकायची त्याची रीत.

आज त्यानं ते झटकलं नाही. तसंच, पांढरं, टेबलावर अलगद ठेवलं.