दहाच्या जोड्या

“तेहेतीस.” तिने गुणपत्रिका टेबलावर ठेवली. “पस्तीस हवे होते. गेलं, सर.”

ही आमची शेजारीण इस्पितळात आया आहे. तिथल्याच प्रयोगशाळेत तिला कायमची नोकरी मिळत होती, पण दहावीचं गणित राहिलेलं. म्हणून बेचाळिसाव्या वर्षी, ड्यूटीवरून आली की ती तासभर माझ्यापुढे बसायची. मी निवृत्त शिक्षक. आपल्याला शिकवता येतं की नाही, याची खात्री मला नोकरीत असतानाही नव्हती.

“कुठे अडलं?”

“क्षचा वर्ग अधिक सहा क्ष अधिक दहा. अवयव पाडा, पडत नसतील तर तसं लिहा. दोन मार्क. दहाच्या जोड्या केल्या. एक-दहा, बेरीज अकरा. दोन-पाच, सात. सहा काही येईना.”

“मग?”

“मग ‘पडत नाहीत’ असं लिहिलं. आणि खोडलं.”

“का?”

“तुमच्याकडे चार महिन्यांत न पडणारं एकही निघालं नाही. म्हटलं, आपलंच डोकं चालत नाहीये. दोन-पाचच लिहून टाकले. सहा नि सात, एकाचाच तर फरक!” ती हसली.

मी चष्मा पुसू लागलो. तिची गणितं मीच रचत असे. आधी उत्तराचे कंस लिहायचे, मग गुणाकार करून राशी तयार करायची. अशा राशीचे अवयव पडणारच. शाळेतही मी असंच करत आलो.

आतून बायको म्हणाली, “अहो, मिठाची गुळणी धरून काय बसलात? सांगा की तिला! यांना कुणाचं उतरलेलं तोंड बघवत नाही गं, दुसरं काय!”

“तुमचं बरोबर होतं,” मी म्हणालो. “त्याचे अवयव पडतच नाहीत. खोडलं नसतंत तर पास झाला असतात. चूक माझी आहे.”

तिने गुणपत्रिका पुन्हा हातात घेतली. जागा महिनाअखेरीला भरली जाणार होती. पुढची परीक्षा पाच महिन्यांनी.

“म्हणजे मला आलं होतं.”

“आलं होतं.”

तिने खुर्ची पुढे ओढली, वहीचं कोरं पान काढलं.

“आता अजून काय काय सुटत नाही, ते सगळं सांगा. तोंड उतरलं तर उतरू दे माझं.”