चांगुणाबाईनं न बघितलेले शेवट

चांगुणाबाईनं अकरा वर्षांत शंभराच्या वर पिक्चर बघितले, पण शेवट एकाचाही बघितला नाही. गावात ही गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती. ठाऊक असती तर अर्ध्या बायकांनी तिच्याशी बोलणं टाकलं असतं.

तिचं गाव टेंभुर्णीपासून पुढं दोन कोसांवर. अवसेला, म्हणजे अमावास्येला, औत जुंपायचं नाही, रानात मजूर लावायचा नाही, ही तिकडची रीत. त्यामुळं महिन्यातला तेवढा एक दिवस तिचे हात रिकामे. त्या दिवशी ती सकाळच्या गाडीनं जालन्याला जायची, सासूच्या दम्याच्या गोळ्या आणायला. सरकारी दवाखान्याच्या लाईनीत उभं राहून गोळ्या पदराला बांधेपर्यंत दोन वाजायचे. मग तीनचा शो. आणि गावात मुक्कामाला येणारी एकच गाडी, ती जालन्याहून साडेपाचला सुटायची. पडद्यावर काहीही चालू असो, हिरोच्या आईच्या कपाळाला बंदूक लावलेली असो, चांगुणाबाई सव्वापाचला पिशवी उचलायची. टॉकीजचा डोअरकीपर दार उघडून धरायचा आणि म्हणायचा, “मावशी, एक दिवस गाडी चुकू द्या.”

“तू येतो का माझ्या घरी भाकरी थापायला?” असं म्हणून ती पायांत जीव आणून स्टँडकडं सुटायची.

शेवट ती गाडीत तयार करायची. खिडकीला डोकं टेकवून, टेंभुर्णी येईपर्यंत. कोण मरणार, कोण सुटणार, कुणाला पश्चात्ताप होणार, सगळं ठरलेलं असायचं.

कारण दुसऱ्या दिवशी रानात हिशेब द्यायचा असायचा. खुरपायला बायका ओळीनं बसल्या की प्रत्येकीनं आपली पात धरायची आणि पुढं सरकायचं. चांगुणाबाईची पात मात्र डावी-उजवीकडच्या दोघी वाटून घ्यायच्या, तिनं नुसतं सोबत सरकत पिक्चर सांगायचा. मळा तातेरावांचा. त्यांना आधी हे पटत नव्हतं. पण पिक्चर चालू असला की बायका पाणी प्यायलासुद्धा उठत नाहीत, हे दिसल्यावर तेच विचारायला लागले, “कवा हाय अवस?”

नुसती गोष्ट ती सांगत नसे. तिची मतं असायची, आणि ती पक्की असायची.

मारामारीच्या पिक्चरबद्दल ती म्हणायची, “हिरो बाजारातून पळतो अन् टमाट्याचे गाडे उलथे करतो. आई-बापाचा बदला घेतो, बराबर हाय. पण त्या टमाटेवाल्यानं कुणाचा बाप मारला व्हता?” भुताच्या बंगल्याबद्दल म्हणायची, “एवढ्या खोल्या, एवढे नोकर, अन् बाई अंधारात एकटीच मेणबत्ती घेऊन निघते. आपल्यात परसाकडं जायला चौघी लागतेत.” एकदा इंग्रजी पिक्चर आला, हिंदीत डब केलेला, घराएवढ्या जनावरांचा. त्यावर तिचा शेरा असा पडला की, “जनावरं चांगली हायेत. पण बायांला त्यात काम न्हाई. पळायचं अन् वरडायचं. ते तर आपण फुकटात करतो.”

बायका हसायच्या, खुरपी थांबायची नाहीत.

पंच्याण्णव-शहाण्णवच्या सुमाराला लग्नाच्या पिक्चरांची लाट आली. तीन-तीन तास लग्नच लागायचं. हाणामारी कमी झाली, जरीच्या साड्या वाढल्या. चांगुणाबाईला हे पिक्चर फारसे पटत नव्हते. “एवढ्या मोठ्या घरात उंबऱ्याला कुणी ठेचाळत न्हाई, चूल कुणी फुंकत न्हाई. सगळे नाचूनच राह्यलेत. ह्यांच्या घरी खरकटं कोन काढतं?” पण बायकांना तेच पाहिजे होते. ज्येष्ठाच्या अवसेला तिनं त्यातलाच एक बघितला. टॉकीजवर पाटी होती, दहावा आठवडा.

गोष्ट साधी होती. बाप मोठा मानी. त्यानं दोस्ताला शब्द दिलेला. पोरीचं मन दुसरीकडं. पाहुणे दारात आले, पोरगी वरच्या खोलीत रडत बसली, आणि सव्वापाच वाजले.

त्या साली पाऊस मिरगातच पडला होता, म्हणून खुरपण लवकर निघालं. दुसऱ्या दिवशी पातीवर नऊ जणी होत्या. त्यांत कडूबाची पोरगी सत्यशीला. कडूबा चार एकरांचा धनी, शांत माणूस. बायकोला चारचौघांत कधी अगं-तुगं न केलेला. सत्यशीला बारावी पास झाली होती आणि डी.एड.ला जालन्याच्या कॉलेजात तिचा नंबर लागला होता. घरात मात्र आष्टीच्या स्थळाची बोलणी चालली होती. मुलाचं खताचं दुकान, घर पक्कं. दोन दिवसांनी पाहुणे सुपारी फोडायला येणार होते. कॉलेजात नाव घालायची शेवटची तारीख त्यानंतर आठ दिवसांनी. सगळ्या पातीला हे पाठ होतं.

चांगुणाबाई सव्वापाचपर्यंत आली आणि पुढचं गाडीतलं सुरू केलं. “मंग ती पोरगी डोळे पुसती, खाली येती, अन् बापाचे पाय धरती.”

“एकट्यात का सगळ्यांच्या म्होरं?” बेबीनंदानं विचारलं. तिला प्रत्येक गोष्टीत खोड काढायची सवय होती.

गाडीत चांगुणाबाईनं ह्याचा विचार केला नव्हता. तिनं ओळीकडं बघितलं. नऊ पाठी वाकलेल्या, नऊ कान तिच्याकडं. एकांतातला शेवट फिका वाटला तिला.

“सगळ्यांच्या म्होरं,” ती म्हणाली. “पाव्हणे, गाव, सगळे उभे. अन् पोरगी म्हणती, बाबा, तुमचा शब्द मी मोडणार न्हाई. फकस्त एवढं सांगा, की मी सुखी व्हईल. सांगा, मंग मी चालले.”

“मंग?”

“मंग बाप सांगू शकत न्हाई. त्याच्या डोळ्याला पाणी येतं. तिला उठवतो अन् म्हणतो, जा बाई, तुझ्या मनाचं कर.”

दुर्गाबाईनं खुरप्याच्या हातानंच नाक पुसलं. “असा बाप पाहिजे,” ती म्हणाली. बेबीनंदानंसुद्धा मान डोलावली.

संध्याकाळी सत्यशीला चांगुणाबाईच्या दारात आली. सासूचा खोकला ऐकत उंबऱ्याशी टेकली.

“मावशी, ते शेवटचं परत सांग.”

“कशाचं?”

“पोरगी बापाला म्हणती ते. शब्दाला शब्द.”

“तुला कोन हिरो भेटला गं?” चांगुणाबाईनं चेष्टा केली.

“हिरो काय करायचा? मला डी.एड. करायचंय.” ती हसली नाही. “घरात बोलायला गेलं की आई मधी पडती, म्हणती त्यांला त्रास नको देऊ. अन् बाबा उठून बैलाकडं जातेत. त्या पोरीवाणी सगळ्यांत इचारलं तर उठून जाता येणार न्हाई. व्हय का न्हाई?”

आता सांगायची वेळ होती. अगं, मी तो शेवट बघितलाच न्हाई, मी तव्हा गाडीत खिडकीजवळ बसले व्हते. एवढंच वाक्य. चांगुणाबाईच्या तोंडापर्यंत ते आलंही. पण अकरा वर्षांचे शेवट त्याच्या मागं उभे होते. एक खोटा निघाला की सगळेच निघणार. आणि पोरीच्या तोंडावर जे दिसत होतं, ते विझवायला तिचा हात होईना. आपल्या प्रत्येकाला आठवतं, कुणीतरी आपल्याकडं असं बघितलेलं, आणि आपण काय केलं तेही.

तिनं वाक्य परत सांगितलं. शब्दाला शब्द. ‘सुखी व्हईल’च्या जागी थोडं थांबायचं, हेही सांगितलं.

आष्टीहून पाच माणसं आली. कडूबाच्या अंगणात सतरंजी टाकली होती. गावातले अण्णासाहेब मध्यस्थ म्हणून मधोमध बसले होते. बायका दारात, त्यांच्यात चांगुणाबाई. सत्यशीला चहाचे कप घेऊन बाहेर आली, ताट खाली ठेवलं, आणि पाहुण्यांच्या पाया पडायच्या ऐवजी बापाच्या पायावर डोकं टेकलं.

“बाबा, तुमचा शब्द मी मोडणार न्हाई. फकस्त एवढं सांगा, की मी सुखी व्हईल.”

थांबायचं तिथं थांबली होती. चांगुणाबाईला वाटलं, हिनं माझ्यापेक्षा चांगलं म्हटलं.

मग पाहुण्यांतला एक जण, मुलाचा चुलता, मिशीत हसला. “पोरगी बोलायला हुशार हाय. मास्तरीणच दिसती.”

कडूबाच्या डोळ्याला पाणी आलं नाही. तो रागावलाही नाही. पोरीच्या खांद्याला धरून त्यानं तिला उठवलं, तिथवर सगळं पिक्चरसारखं झालं. मग तो म्हणाला, “पाव्हण्यांला चहा दे. निवून राह्यला.” आणि अण्णासाहेबांकडं वळून, “आषाढी एकादशीच्या आधीची तीथ बघा. लांबवायचं न्हाई.”

सात दिवसांत लग्न झालं. कॉलेजची तारीख त्याच्या दुसऱ्या दिवशीची होती.

लग्न झाल्यावर चार दिवसांनी कडूबा तातेरावांच्या बांधावर आला. बैल हातात होता, म्हणजे सहज आल्यासारखं दिसावं. बायका पुढं सरकल्या, चांगुणाबाई मागं राहिली.

“ते बोलणं तुमच्या पिक्चरातलं व्हतं म्हणं,” तो म्हणाला.

चांगुणाबाईनं खुरपं खाली ठेवलं.

“मी तुम्हाला बोल लावायला न्हाई आलो. कुणालातरी सांगावं म्हणून आलो. तिच्या आईला सांगता येत न्हाई.” त्यानं बैलाच्या मानेवरची गोमाशी उडवली. “तिचा नंबर लागलेला मी सोता जाऊन बघून आल्तो. पाव्हण्यांला म्हणणार व्हतो, दोन वर्सं थांबा. थांबले तर ठीक, न्हाई तर न्हाई. ओठावर आणून ठेवलं व्हतं, अन् तिनं पाय धरले. मंग पाच माणसांत मी काय म्हणायचं? पोरीनं शिकवलं अन् बाप बोलला?”

“दादा, तुमी नंतर तरी...”

“नंतर शब्द गेल्ता ना.” त्यानं कासरा हाताला गुंडाळला. “घरात इचारलं असतं तर बरं झालं असतं. पण घरात मीबी कुठं बसतो म्हणा.” आणि बैल घेऊन निघून गेला.

आषाढाच्या अवसेला चांगुणाबाईनं पहिल्यांदा दवाखान्याची लाईन सोडली. सासूच्या गोळ्या आठवडाभर पुरतील एवढ्या होत्या. तिनं बाराच्या शोचं तिकीट काढलं. तोच पिक्चर, चौदावा आठवडा. डोअरकीपर म्हणाला, “आज काय, गाडी बंद हाय का?”

पोरगी वरच्या खोलीत रडत बसली, आणि ह्या वेळी चांगुणाबाई बसून राहिली. पोरगी खाली आलीच नाही. तिनं बापाला काही विचारलंच नाही. दारात आलेला नवरदेव आधीच लग्न झालेला निघाला, पोलीस आले, दोस्तानं माफी मागितली, आणि बापापुढं पोरीच्या मनातला एकच पोरगा उरला तेव्हा बापानं आशीर्वाद दिला. एवढं सगळं शेवटच्या अर्ध्या तासात. लोक टाळ्या वाजवत उठले.

चांगुणाबाईला वाटलं, हा पिक्चर लिहिणाऱ्यालाही मुक्कामी गाडी पकडायची असावी. तीन तास बाप मानी म्हणून दाखवला, आणि शेवटी त्याला विचारायची वेळ आली तर पोलीस बोलावले. म्हणजे ज्यांच्याजवळ एवढे दिवे, एवढी माणसं, त्यांनाही हे ठाऊक नव्हतं, की मानी बापाला काय म्हटलं म्हणजे तो ऐकतो. खुर्च्या रिकाम्या झाल्या तरी ती बसून होती. झाडूवाली आली तेव्हा उठली.

पंचमीला सत्यशीला माहेरी आली. हातभर हिरव्या बांगड्या, अंगावर चांगलं लुगडं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती चांगुणाबाईकडं आली आणि त्याच उंबऱ्याशी टेकली.

“कसे हायेत घरचे?”

“चांगले हायेत. हाणत-बिणत न्हाईत.” मग म्हणाली, “टीव्ही हाय आमच्याकडं. रविवारी पिक्चर लागतो. मी चुलीपशी असते. नुसता आवाज येतो.”

चांगुणाबाईनं तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. “सत्यशीला, तो शेवट मी बघितला न्हवता. कवाच बघितला न्हाई कोणता. मला गाडी असती साडेपाचाची.”

सत्यशीला रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

“मला तव्हाच वाटलं व्हतं,” ती म्हणाली. “एवढा चांगला शेवट पिक्चरात नसतो. पण मावशी, दुसरं कुणी काईच सांगत न्हवतं. आई म्हणायची गप बस, मैत्रिणी म्हणायच्या नशीब. तू तरी कायतरी सांगितलं.”

सुपातल्या तांदळावर चिमणी आली, तिला कुणी हाकललं नाही.

“एक इचारू?” सत्यशीला म्हणाली. “माझ्या माघारी बाबा काय म्हणले का तुझ्याजवळ? त्या दिवसाचं?”

कडूबाचं बोलणं चांगुणाबाईला शब्दाला शब्द पाठ होतं. दोन वर्सं थांबा. कुठं थांबायचं, तेही पाठ होतं. आयुष्यात एकदा तिनं खरा शेवट स्वतःच्या कानांनी ऐकला होता.

“न्हाई,” ती म्हणाली. “त्यांच्या मनात आधीपासून लगीनच व्हतं. तू काई केलं असतं तरी तेच झालं असतं.”

सत्यशीलानं हळूच मान हलवली. “मंग बरं,” ती म्हणाली, आणि सूप ओढून घेऊन तांदूळ निवडायला लागली.